रुप्याच्या एका जोडीची परंपरा : सातारा व सांगली

चार वर्षांपूर्वीं साताऱ्यांतील जुन्या जिनसांच्या एका व्यापाऱ्यानें मजकडे रुप्याचे सहा चमचे पाहावयास पाठविले. चमचे वजनानें हलके, दांडीचें टोंक रुंद व गोलसर, आणि त्या टोंकावर रोमन लिपींतील तीन अक्षरें नाजूक वळणानें कोरलेलीं होतीं. पाठीमागें लहानशा चौकटींत 'कॉइन' हा इंग्रजी शब्द ठसा मारून उठविलेला होता. व्यापाऱ्याचें म्हणणें असें कीं, हे चमचे ग्रँट डफसाहेबाच्या मेजावरचे असून साहेब विलायतेस जातांना त्यानें ते एका कारकुनास दिले. किंमत अर्थात् चमच्यांची नसून ह्या कथेची होती.

ग्रँट डफ हा इ. स. १८१८ पासून सुमारें चार वर्षें साताऱ्यास होता. 'कॉइन' हा ठसा अमेरिकेंतील रुपेरी कारागिरांचा. तो तेथें प्रचारांत येऊं लागला इ. स. १८३० च्या सुमारास. तेव्हां साहेबानें हे चमचे वापरले असणें शक्य नाहीं. मात्र अमेरिकेचे चमचे साताऱ्यास कसे आले, ह्याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री इ. स. १८१३ त मुंबईस उतरले, त्या मिशनचें ठाणें साताऱ्यास १८४९ त झालें, आणि दुसऱ्या एका अमेरिकन मिशनचें ठाणें सांगलीस १८८४ त पडलें. संसार घेऊन आलेल्या ह्या मंडळींबरोबर त्यांच्या घरचीं चार भांडींहि आलीं असतील. हें सर्व मीं व्यापाऱ्यास लिहून कळविलें. पुढें ते चमचे ग्रँट डफच्याच नांवानें विकले गेले असें ऐकतों.

चमचे गेले, परंतु त्यांच्यामुळें अमेरिकेंतील संग्राहक अशा जिनसांची परंपरा कशी ठरवितात हें पाहण्याचा नाद मला लागला. आणि त्या नादांतून आमच्याच घरच्या एका तांब्याविषयीं जें निष्पन्न झालें, तें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

इंग्लंडांत रुप्याचा कस तपासून त्यावर सरकारमान्य ठसे मारण्याची पद्धति कित्येक शतकें जुनी आहे. अमेरिकेच्या वसाहतींत तशी व्यवस्था नव्हती. पुढेंहि बाल्टिमोर शहरीं इ. स. १८१४ ते १८३० पर्यंत एक कसशाळा चालली, एवढाच काय तो अपवाद. गिऱ्हाइकानें स्पॅनिश डॉलर आणून द्यावे, कारागिरानें ते आटवून भांडें ठोकून द्यावें व आपल्या नांवाचा ठसा बुडाशीं मारावा, असा क्रम होता. 'कॉइन' ह्या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, माल नाण्याच्या कसाचा आहे. आणि १८३७ पासून तेथील नाण्यांत दहांपैकीं नऊ भाग शुद्ध रुपें असे. हजारीं ९२५ चा 'स्टर्लिंग' कस तेथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला. कारागिराच्या ठशाखेरीज आणखी दोन गोष्टी जुन्या भांड्यांवर आढळतात. एक, धन्याचीं अक्षरें : वरतीं आडनांवाचें आद्याक्षर, खालीं डावीकडे नवऱ्याच्या नांवाचें व उजवीकडे बायकोच्या नांवाचें, अशीं तीन अक्षरें त्रिकोणांत कोरीत. दुसरी गोष्ट, बुडाखालीं सुईनें ओरखडून लिहिलेलें वजन. कारागीर, धनी व वजन हे तीन साक्षीदार भांड्याच्या अंगावरच हजर असल्यामुळें घरच्या कथेची उलटतपासणी करतां येते.

वजनास तेथें किती महत्त्व असे ह्याचें एक उदाहरण मोठें मौजेचें आहे. बोस्टन येथील प्रसिद्ध कारागीर पॉल रिव्हियर ह्यानें इ. स. १७६८ त रुप्याचा एक वाडगा घडविला. इंग्लंडच्या कर बसविण्याविरुद्ध काढलेलें परिपत्रक मागें घेण्यास मॅसॅच्युसेट्सच्या सभेंतील ज्या ९२ सभासदांनीं नकार दिला, त्यांच्या सन्मानार्थ हा वाडगा. आणि तो घडविणाऱ्या मंडळींतील १५ जणांचीं नांवें त्याच्या कांठाशीं कोरलेलीं आहेत. वजन मुद्दाम ४५ औंस ठेविलें, कारण लंडनचा विल्क्स ह्याच्या पत्राचा ४५ वा अंक राजावरील टीकेमुळें गाजला होता. आपल्या मापानें हें वजन बरोबर १२० तोळे भरतें. इ. स. १९४९ त हा वाडगा बोस्टनच्या संग्रहालयानें लोकवर्गणीनें विकत घेतला. त्या वर्गणींत शाळेंतल्या मुलांचे पैसेहि होते. ह्या वाडग्याच्या परंपरेविषयीं वाद संभवत नाहीं, कारण जें सांगावयाचें तें सर्व त्याच्या अंगावरच लिहिलेलें आहे.

आपल्याकडे स्थिति निराळी. सरकारी मुद्रेचा प्रश्नच नव्हता. चांदीवरील भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा इ. स. २००५ पासूनची. सोनार आपलें नांव भांड्यावर क्वचितच घालतो. आणि कोरीव काम करून भांडें सजवावें ही हौस राजवाड्यांतील पानदानें, गुलाबदाण्या, अत्तरदाण्या ह्यांपुरती; भिक्षुक किंवा कारकुनी पेशाच्या घरांतील देवघराचीं व जेवणाचीं रुप्याचीं भांडीं पाहावीं तों बहुधा अगदीं साधीं. ह्याचें कारण दारिद्र्य हें एक आहेच. परंतु मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धि सांगतांना रुपें केवळ पाण्यानें शुद्ध होतें असें म्हटलें असून त्यास 'अनुपस्कृत' असें विशेषण जोडलें आहे. ज्यावर कांहीं विशेष काम केलेलें नाहीं, तें अनुपस्कृत. नक्षीच्या खांचेंत उष्टें राहतें, गुळगुळीत भांड्यास राहत नाहीं, हा व्यवहारहि त्याच्या मुळाशीं आहे. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत साधा तांब्या-पेला पसंत पडे तो ह्या विचारामुळें, असें माझें मत आहे. म्हणूनच लेख असलाच तर तो बुडाखालीं असतो, आणि चिंच-राख लावून भांडें घासणाऱ्या बाईखेरीज तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

येथें शब्दाविषयीं थोडें विषयांतर क्षम्य व्हावें. 'रुपें' हा आपला शब्द संस्कृत 'रूप्य' ह्यावरून आला. पाणिनीनें 'रूप्य' शब्द साधतांना 'आहत' असा अर्थ दिला आहे; आहत म्हणजे ठोकून ज्यावर रूप उठविलें आहे तें. म्हणजे आपल्या धातूचें नांवच मुळीं ठशावरून पडलेलें आहे. अमेरिकेच्या कारागिरानें चमच्यावर 'नाणें' असा शब्द मारला, तर पाणिनीयास त्यांत नवें कांहींच वाटूं नये. तैत्तिरीय संहितेंत रुप्याची उत्पत्ति निराळी सांगितली आहे : रुद्र रडला, त्याचे अश्रु गळाले, तें रुपें झालें, सबब यज्ञांत तें दक्षिणा म्हणून देऊं नये, दिल्यास वर्षाच्या आंत त्या घरांत रडें होतें. उलट पितरांस मात्र रुप्याचें पात्र प्रिय. ह्या दोन समजुतींमुळें आपल्या घरांत रुपें हें दानाचें द्रव्य न होतां सांठवणीचें, वाटणीचें व श्राद्धपक्षाचें द्रव्य होऊन बसलें असावें.

आतां आमच्या तांब्याकडे वळतों. आमच्या घराण्याचे मूळपुरुष सातारच्या छत्रपतींच्या पदरीं दप्तरांत लेखक होते. घरांत एक रुप्याचा तांब्या आहे. लहानपणापासून आम्हीं ऐकत आलों तें असें कीं, हा तांब्या श्रीमंत प्रतापसिंह महाराजांनीं मूळपुरुषांस स्वहस्तें बक्षीस दिला. श्राद्धाच्या दिवशीं तो बाहेर निघे व त्या निमित्तानें ही हकीकत दरवर्षीं उजळत असे. मी शाळेंत शिक्षक असतां इतिहासाच्या एका प्रदर्शनांत हा तांब्या मांडला होता, आणि 'छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं दिलेला' अशी चिठ्ठी माझ्याच हातची होती. बुडाखालीं अक्षरें आहेत हें मला ठाऊक होतें. वडिलार्जित श्रद्धेमुळें म्हणा किंवा आळसामुळें म्हणा, तीं नीट वाचण्याची बुद्धि मला तीस वर्षें झाली नाहीं.

वर सांगितलेल्या चमच्यांनंतर तांब्या उलटा करून बुडास खडूची पूड लावली, तेव्हां टोंचणीनें टिंबें मारून काढलेलीं बाळबोध अक्षरें स्पष्ट झालीं : शक १७६६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, वजन रुपये ४२, आणि शेवटीं 'जोड' हा शब्द. शक आणि संवत्सर ह्यांचा मेळ बसतो. इ. स. २०२४ च्या पाडव्यास सुरू झालेला शक १९४६ हाहि क्रोधीच होता. दोहोंमध्यें बरोबर १८० वर्षें, म्हणजे साठीचीं तीन आवर्तनें. तेव्हां लेखाची मिति इ. स. १८४४ च्या ऑक्टोबर महिन्यांतील विजयादशमी ठरते.

आणि येथेंच परंपरेस पहिला धक्का बसला. प्रतापसिंह महाराज इ. स. १८३९ त पदच्युत होऊन काशीस नेले गेले व १८४७ त तेथेंच वारले. १८४४ च्या दसऱ्यास साताऱ्याच्या गादीवर त्यांचे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज होते. महाराजांवरील अन्यायाची दाद लावून घेण्यासाठीं रंगो बापूजी १८४० पासून तेरा वर्षें लंडनांत खटपट करीत राहिले, ही गोष्ट साताऱ्यांत अद्यापि अभिमानानें सांगतात. आणि त्याच मानानें धाकट्या बंधूंविषयीं लोकांत ममता कमी. त्यांच्या अमदानींत आमचे मूळपुरुष नोकरींत राहिले, त्यांच्याच दसऱ्यास घरांत रुपें आलें, ही गोष्ट आमच्या घरीं कोणी कधीं उच्चारली नव्हती. अक्षरें वाचून झाल्यावर मी ती चिठ्ठी आठवून पुष्कळ वेळ बसलों.

तथापि अक्षरें मागाहूनहि कोरतां येतात, सबब वजनाची साक्ष घेणें प्राप्त झालें. तांब्या आज ४८६ ग्रॅम भरतो. इ. स. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला कंपनीचा रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमांचा, त्याप्रमाणें ४२ रुपयांचे सुमारें ४९० ग्रॅम होतात. पावणेदोनशें वर्षांच्या घासण्यांत तीनचार ग्रॅम झिजले हें सयुक्तिक आहे. पेशवाईंतील अंकुशी वगैरे रुपये बहुधा अकरा ते सव्वा अकरा ग्रॅमांचे. त्या मापानें ४२ रुपयांचे ४७२ ग्रॅमांपलीकडे होत नाहींत. घासून भांडें झिजतें, वाढत नाहीं. म्हणजे वजन घेणारानें तराजूंत कंपनीचे रुपये घातले होते, व लेख १८३५ नंतरचा आहे हें मितीच्या मदतीवांचून सिद्ध होतें. सराफाच्या यंत्रावर टंच पाहिला तो ९१ च्या किंचित् वर आला. कंपनीचा रुपया बारांत अकरा भाग शुद्ध असे, म्हणजे शेंकडा ९१.६६. एवढ्यावरून रुपये आटवूनच तांब्या केला असें निश्चयानें म्हणतां येणार नाहीं, परंतु संभव मोठा आहे. अमेरिकेचा चमचा डॉलरांतून आणि आमचा तांब्या रुपयांतून, असें हें साम्य आहे.

राहिला 'जोड' हा शब्द. तांब्याची जोड म्हणजे पेला. पण पेला घरांत नव्हता, व त्याची आठवणहि कोणास नव्हती. घरच्या रुमालांत श्राद्धसंकल्प, हुंड्या, बियाण्यांचे हिशेब असल्या कागदांत एक मोडी याद आहे. तिजवर शक १७७२, साधारण नाम संवत्सर आहे, म्हणजे इ. स. १८५०-५१. ह्यापूर्वींच १८४८ त आप्पासाहेब महाराज वारले. मरणापूर्वीं त्यांनीं घेतलेलें दत्तक कंपनी सरकारनें मानलें नाहीं व राज्य खालसा केलें. दप्तरखान्यांतील अनेकांबरोबर आमच्या मूळपुरुषांचीहि नोकरी गेली, आणि घरांत काय आहे हें मोजण्याची पाळी आली. ही याद त्या मोजणीची.

यादींत रुप्याच्या जिनसांखालीं तांब्या व पेला, नग २, मिळून वजन रुपये ५३, असें कलम आहे. तांब्याचे ४२ वजा जातां पेल्याचे ११ राहतात. कलमापुढें 'खुद्द करविला' असे दोन शब्द आहेत. म्हणजे बक्षीस नव्हेच! मूळपुरुषांनीं आपल्या पगारांतून दसऱ्याच्या मुहूर्तावर तो करवून घेतला. घडणावळहि लिहिली आहे, पण तो आंकडा वाळवीनें खाल्ला.

परंतु याद तेथेंच संपत नाहीं. वस्त्रांच्या सदरांत एका जरी शेल्याचें कलम असून तो कैलासवासी बुवासाहेब महाराजांकडून मिळाल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. बुवासाहेब म्हणजेच प्रतापसिंह महाराज. तेव्हां आमच्या घरची हकीकत सर्वस्वी खोटी नव्हती. महाराजांनीं बक्षीस दिलें होतें, पण तें वस्त्र होतें. शेला विरला, फाटला, कदाचित् त्याची जर आटवली गेली. त्याच्याबरोबर त्याची गोष्टहि जावयाची, पण ती घरांतील दुसऱ्या टिकाऊ जिनसेवर जाऊन बसली. ऐतिहासिक वस्तूंच्या परंपरा तपासतांना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घराण्याची आठवण पुष्कळदां मान मिळाल्याविषयीं खरी असते. कोणत्या जिनसेच्या रूपानें तो मिळाला, ह्याविषयीं ती चुकते. ज्या घरांत अमक्याची तरवार, तमक्याचें तबक म्हणून दाखवितात, तेथें त्याच पुरुषाच्या कागदांत वस्त्रें किंवा इनामी जमीन शोधून पाहावी.

त्याच यादीच्या समासांत निराळ्या हातानें व निराळ्या शाईनें 'पेला सांगलीस' एवढेंच लिहिलेलें आहे. आमच्या वंशावळींत सांगलीचा मागमूस नाहीं. वंशावळ पुरुषांची, सांगलीस कोणी पुरुष गेला नाहीं, मग तिच्यांत सांगली कोठून यावी? शेवटीं एका जुन्या लग्नाच्या आहेरयादीवरून कळलें कीं, मूळपुरुषांची नात सांगलीस दिली होती. त्या घरचा पत्ता लावण्यास मला दीड वर्ष लागलें. घर सांगलींतच, पण दुसऱ्या पेठेंत. आडनांव तेंच, माणसें मात्र आम्हांस व आम्ही त्यांस सर्वथा अनोळखी.

तेथील वृद्ध गृहिणीनें देवघरांतून पेला आणून माझ्या हातीं दिला. मी तांब्या बरोबर नेला होता. मी कांहीं बोलण्यापूर्वींच त्यांनीं पेल्याची हकीकत सांगितली. हा आप्पासाहेबांच्या वेळचा पेला. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं आमच्या सासऱ्यांच्या आजोबांस दिला, गणपतीच्या देवळाचें काम चाललें होतें तेव्हांचा, असें त्या म्हणाल्या. मीं विचारलें, आप्पासाहेबांनीं दिला असें घरांत सांगत, कीं आप्पासाहेबांच्या वेळचा असें सांगत? त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "सासूबाई 'वेळचा' म्हणत. पण मास्तर, आप्पासाहेब म्हणजे आमचे सांगलीचेच. दुसरे आणखी कोणते?"

ह्या प्रश्नांतच सर्व उलगडा होता. सांगलीचे संस्थापक चिंतामणराव हे आप्पासाहेब, इ. स. १८०१ त मिरजेपासून निराळे होऊन त्यांनीं सांगलीची गादी घातली व १८५१ त ते वारले. साताऱ्याचे शहाजी महाराज हेहि आप्पासाहेब, राज्य १८३९ ते १८४८. दोघे समकालीन, आणि दोघांचें घरगुती नांव एकच. साताऱ्याची मुलगी सासरीं पेला घेऊन आली तेव्हां 'आप्पासाहेबांच्या वेळचा' असें जें म्हणाली असेल तें अक्षरशः खरें होतें. सांगलीच्या माणसांनीं तें आपल्या आप्पासाहेबांस लावलें, हेंहि स्वाभाविक. पुढें 'वेळचा' ह्याचें 'दिलेला' झालें, आणि दात्याबरोबर देऊळहि आलें. इकडे साताऱ्यास मात्र आप्पासाहेबांचें नांव कोणास नको होतें, म्हणून त्याच जोडीच्या दुसऱ्या अर्ध्यावर बुवासाहेबांचा शेला पांघरला गेला. एका कारकुनानें स्वतःच्या पैशानें केलेली जोड. तिच्या एका नगास एक राजा व दुसऱ्या नगास दुसरा राजा, असे दोन दाते लाभले.

पेला उलटा केला. वजन रुपये ११, व पुढें 'जोड'. मिति नाहीं. टोंचणीचीं टिंबें तांब्याच्या टिंबांइतकींच खोल, आणि 'ड' ह्या अक्षराच्या शेपटाशीं टोंक घसरून झालेला ओरखडा दोन्हीकडे सारखा. पेला १२७ ग्रॅम भरला; कंपनीच्या ११ रुपयांचे १२८ होतात. पुढें त्या घरच्या मुलानें टंचहि पाहून कळविला, तो तांब्याच्या टंचाशीं जुळतो. येवढ्या साक्षी एका बाजूस मिळाल्यावर जोडीविषयीं संशयास जागा नाहीं.

ह्यावरून संग्राहक बंधूंस एक विनंती करावीशी वाटते. आपण कागद शोधतों ते पुरुषांच्या वंशाच्या अनुरोधानें. दप्तरें पुरुषांकडे राहिलीं हें खरें. कैलासवासी वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत असतां पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तो ह्याच मार्गानें. पण भांडें हा कागद नव्हे. भांडें लेकीबरोबर जातें. मिताक्षरेप्रमाणें स्त्रीधनाचा वारसा आधीं मुलींकडे, म्हणून रुप्याची वाटी किंवा फुलपात्र तीन पिढ्यांत तीन आडनांवें बदलतें, आणि कोणत्याच वंशावळींत त्याची वाट सांपडत नाहीं. अमेरिकेंतहि घरचें रुपें पुष्कळदां मुलींच्या हातीं गेलें, पण तेथें बायकोच्या नांवाचें अक्षर भांड्यावर असल्यानें शोधकास धागा मिळतो. आपल्याकडील जुन्या भांड्यांवर स्त्रीचें नांव येतें तें उशिरां, आहेरावर 'सौ.' घालूं लागल्यानंतर. तोंपर्यंतची माहिती आहेराच्या यादींत, नाहीं तर सासूबाईच्या तोंडीं. पैकीं याद लग्न पार पडल्यावर फेंकून देण्याची चाल आहे.

आणि मुळांत भांडें उरलें तर हें सर्व. सुकाळांत रुपये आटवून भांडीं व दुष्काळांत भांडीं मोडून रुपये, हा आपल्याकडील जुना क्रम. इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनेंतील रुप्याचे डाग पुष्कळ प्रमाणांत मुंबईच्या टांकसाळींत गेले. त्या वेळीं निदान भांड्यास वजनाइतके रुपये तरी मिळत. इ. स. १८९३ त सरकारनें लोकांचें रुपें घेऊन त्याचे रुपये पाडून देणें बंद केलें. त्यामुळें रुपया महाग व रुपें स्वस्त झालें, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत ज्यांनीं घरचे तांब्ये विकले त्यांस पूर्वीपेक्षां फारच थोडें हातीं आलें. ज्या कुणब्याच्या घरीं एक वाळा किंवा एक कडें होतें त्याची हानि किती झाली, ह्याचा हिशेब अद्यापि कोणी मराठींत नीट मांडलेला नाहीं. तो मांडला पाहिजे. राजवाड्यांतील रुपें निराळ्या वाटेनें गेलें. नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचें जवाहीर कलकत्त्यास हॅमिल्टन कंपनीमार्फत विकलें गेलें, हें प्रसिद्धच आहे. परंतु अशा विक्रीच्या याद्या तरी झाल्या. मुशींत गेलेल्या तांब्याची याद कोण करतो? इ. स. १९८० त चांदीचा भाव एकाएकीं चढला, त्या वर्षीं आमच्या आळींतील तीन घरांतलीं जुनीं भांडीं सराफकट्ट्यावर गेलेलीं मला आठवतात. त्यांपैकीं एका ताटाच्या बुडाशीं अक्षरें होतीं असें त्या घरच्या बाई पुढें कितीतरी वर्षें सांगत. काय अक्षरें होतीं तें त्यांस वाचतां येत नव्हतें, आणि त्यांनीं विचारलेंहि नव्हतें.

आमच्या तांब्याविषयीं एक आक्षेप येण्यासारखा आहे, तो असा कीं, 'खुद्द करविला' ह्या शब्दांचा अर्थ 'महाराजांनीं खुद्द करविला' असा कां घेऊं नये? आमच्याच एका चुलतभावानें हा आक्षेप मोठ्या उत्साहानें काढला. पण त्याच यादींत दोन दुलया व एक पितळी समई ह्यांपुढेंहि हेच शब्द आहेत, आणि महाराजांनीं आमच्यासाठीं दुलया शिवविल्या असें म्हणण्याचें धाडस त्यासहि झालें नाहीं.

सांगलीच्या घरीं हें सर्व सांगावें कीं न सांगावें, ह्याचा मला विचार पडला होता. त्यांच्या देवघरांतील एक राजा मी काढून नेणार होतों, व त्याबद्दल देण्यासारखें मजजवळ कांहीं नव्हतें. शेवटीं याद वाचून दाखविली. बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें, पेला तांब्यावर पालथा घालून पाहिला, तो बरोबर बसला. मग त्यांनीं विचारलें कीं, सांगलीस दिलेल्या त्या मुलीचें नांव काय होतें? यादींत तिचें माहेरचें नांव आहे. सासरचें नांव त्यांच्याहि घरीं कोणास ठाऊक नव्हतें. तें माहेरचें नांव मीं एका कागदावर लिहून दिलें, तो कागद त्यांनीं पेल्यांत घालून ठेविला आहे.

पेला सांगलीसच आहे. तांब्या आमच्याकडे असून प्रदर्शनांतील ती जुनी चिठ्ठी मीं फाडली नाहीं. तिच्या पाठीवर मिति घालून खरी हकीकत लिहिली आहे. दोन्ही बुडांचे कागदावर घेतलेले ठसे व मोडी यादीची बाळबोध नक्कल तयार आहे. ज्या कोणास पाहावयाची असेल त्यांस दाखविण्यास मी सिद्ध आहें.